आप्पांना कोस्टा रिकात गरवायला न्यायचंय, बोट कुठून घेऊ?

तारकर्लीकर

नमस्कार मंडळी. मी डॅलसला असतो. आई-आप्पा नोव्हेंबरात आलेत, मार्चअखेर परत जातील. आप्पा ७१ वर्षांचे. नोकरी एसटीत कंडक्टरची झाली, पण जीव सगळा गरीत, म्हणजे गळ-दोराने मासे धरण्यात. देवबागच्या संगमावर नाहीतर मालवणच्या जेटीवर, ड्युटी संपली की बसायचे ते अंधार पडेपर्यंत. इथे आमच्या कॉलनीत तळं आहे आणि त्यावर मासे धरायला मनाई असल्याची पाटी. आप्पा रोज सकाळी फिरायला जातात आणि त्या पाटीला मालवणीत काहीबाही ऐकवून परत येतात.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात कोस्टा रिकाला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि आई-आप्पा. त्यातला एक दिवस आप्पांना समुद्रात न्यायचं हे माझ्या डोक्यातलं खूळ. यूट्यूबवर सेलफिशचे (पाठीवर शिडासारखा पर असलेला मोठा मासा) व्हिडिओ बघितले. हेराडुरा भागातल्या एका बोटवाल्याने पूर्ण दिवसाचे १,८०० डॉलर सांगितले, टिप वेगळी. एकदा पैसे घालायला हरकत नाही, पण सार्थकी लागतील का?

अडचणी बऱ्याच. आप्पांना बीपी आहे, गोळी चालू आहे. बायको शाकाहारी, शिवाय तिला बोट लागते. आई बोटीत पायच ठेवणार नाही म्हणते. आणि सेलफिश पकडून परत सोडावा लागतो हे आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "सोडूचोच आसा तर धरूचो कित्याक?" यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कुणी गेलं असेल तर सांगा. कुठल्या गावातून बोट घ्यावी, महिना बरोबर आहे का, आणि ७१ वर्षांच्या माणसाला झेपेल का.

खवचट_खेकडा

आप्पांना दंडवत. एका वाक्यात अख्ख्या धंद्याचा निकाल लावला. तेवढ्या पैशांत मालवणात वर्षभराची सुरमई येईल, तीही तळून.

सान्होसेकर

तारकर्लीकर, मी मूळचा हर्णैचा. इकडे एरेदियाला वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात नोकरी करतो, मुलं इथेच वाढली, आणि जमेल तो शनिवार पाण्यावर जातो. तेव्हा लांबण लागणार, चालवून घ्या.

आधी मुद्द्याचं. तुम्ही जी बोट बघताय ती आप्पांच्या कामाची नाही. सेलफिशची मोठी बोट कशी चालते ते सांगतो, मग तुमचं तुम्हीच ठरवा. सकाळी सातच्या सुमारास निघायचं, तास-दीड तास सरळ बाहेर, वीस-तीस मैल. मग सहा ते आठ नॉट वेगाने बोट नुसती फिरत राहते. मागे रंगीत खोटी आमिषं फेसात उड्या मारत असतात, त्यांना गळच नसतो. सेलफिश त्यांच्या मागे आला की खलाशी ओरडतो, खोटं आमिष भराभर आत ओढतो आणि त्याच जागी खरा मासा लावलेली गरी सोडतो. हा आमिषाचा मासा आपल्या टोळासारखा लांबुडका असतो. सेलफिश अंगावर निळेजांभळे पट्टे पेटवून येतो, चोचीने एक फटका मारतो, वळून मासा तोंडात घेतो. हे सगळं दहा-पंधरा सेकंदांत, आणि करतो सगळं खलाशी. रॉड पाहुण्याच्या हातात येतो तो मासा लागल्यावर. पाहुणा रीळ फिरवतो, घाम गाळतो, फोटो काढतो. बाकीचे तास डिझेलचा वास आणि इंजिनाची घरघर.

ज्याला यातलं काही माहीत नाही त्याला हा मोठा थरार आहे, नाही म्हणत नाही. पण ज्या माणसाने आयुष्यभर दोर तर्जनीवर घेऊन तळाशी तांबोशी चोखतेय की शेंगटी, हे बोटानं ओळखलं, त्याला तिथे पाहुणा म्हणून बसवलंत तर दुपारपर्यंत तो खलाशाच्या जागेकडे बघत बसेल. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. शेवटी ते खलाशाला आमिष शिवायला मदत करू लागले आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा फुलला.

म्हणून माझं मत: पांगा घ्या. पांगा म्हणजे इथली फायबरची उघडी होडी, पंचवीस फुटांच्या आतबाहेर, मागे आउटबोर्ड इंजिन, वर जमलं तर कापडी छत. तांडेल आणि फार तर एक पोऱ्या. अर्ध्या दिवसाचे बोट पाहून ४०० ते ६०० डॉलर पडतात. किनारा नजरेआड होत नाही. जिवंत सार्डिन घेऊन खडकांच्या कडेने हळू हळू फिरायचं नाहीतर नांगर टाकून तळाला गरवायचं. तांडेलाला आधी सांगून ठेवा की म्हाताऱ्यांना रॉड नको, हातदोर हवा. इथले छोटे मच्छीमार हातदोराने पार्गो धरतातच, कुएर्दा दे मानो म्हटलं की त्याला कळेल. पार्गो म्हणजे आपल्या तांबोशीच्या जातकुळीतला. आप्पांना शिकवावं लागणार नाही, उलट तांडेलच त्यांच्याकडून काही उचलेल.

आता कुठून. तुम्ही उत्तरेच्या गुआनाकास्तेचा विचार करत असाल (तामारिंदो, फ्लमिंगो, पापागायो), कारण अमेरिकेतून लिबेरियाला थेट विमानं आहेत. जानेवारीत नको. डिसेंबर ते मार्च निकाराग्वाच्या सरोवराकडच्या सखल पट्ट्यातून पूर्वेचा वारा घुसतो आणि त्या किनाऱ्यावर पाणी उसळवून ठेवतो. कधी चार-चार दिवस होड्या बाहेर पडत नाहीत. तोच वारा मध्य किनाऱ्यावर पोचत नाही, मध्ये डोंगर आडवे आहेत. त्यामुळे हेराडुरा, हाको, केपोस या भागात जानेवारीचा समुद्र बऱ्याचदा तेल ओतल्यासारखा सपाट. बायकोला बोट लागते म्हणालात, तिच्यासाठीही हे बरं.

मी केपोस सुचवेन. सान होसेहून १६० किलोमीटर, गाडीने अडीच ते तीन तास. वाटेत तार्कोलेसच्या पुलावर थांबा, खाली चिखलात मगरी पहुडलेल्या असतात, लेक खूश होईल. केपोस हे पूर्वीचं केळ्यांचं बंदर. केळीवर रोग पडला आणि कंपनीने त्या जमिनीवर तेल-पाम लावला, तो आजही रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल दिसतो. गावाजवळ नद्यांची तोंडं आहेत, कांदळवन आहे, बाहेर खडक आहेत. आप्पांना वास ओळखीचा वाटेल. नदीच्या तोंडाशी ओहोटीला रोबालो लागतो, हा आपल्या जिताड्याच्या वळणाचा मासा: तशीच खाडीची आवड, तसंच कडेला दबा धरून बसणं. एक मात्र कटाक्षाने पाळा, आप्पांना खाडीच्या पाण्यात गुडघाभर उतरून गरी टाकायची सवय असेल तर ती इथे नाही. मगरी पुलाखालीच राहतात असं नाही.

खडकांच्या कडेला पेझ गायो मिळण्याची शक्यता बरीच. पाठीवर सात लांब काटे कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे राहतात म्हणून ते नाव. कॅलिफोर्नियाच्या आखातापासून पेरूपर्यंतच हा मासा आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही. जिवंत आमिषाच्या मागे आला की तो तुरा आधी पाण्याबाहेर दिसतो आणि आमिषाचा मासा जिवाच्या आकांताने बोटीकडे पळतो. खायला बेचव, त्यामुळे बहुतेक सगळे सोडून देतात. त्यात आप्पांनाही वाईट वाटायचं कारण नाही.

दक्षिणेला गोल्फो दुल्से आहे, पुएर्तो हिमेनेस नाहीतर गोल्फितोहून. ते माझं सर्वांत आवडतं पाणी. दोनशे मीटरहून खोल आखात, तिन्ही बाजूंनी जंगल, बारा महिने शांत. २०१० पासून तिथे ट्रॉल (तळावरून ओढायची जाळी) आणि गिलनेट (मासा कल्ल्यांत अडकवणारी उभी जाळी) बंद आहेत आणि मासा दिसतो. पण रस्त्याने सात-आठ तास नाहीतर छोटं विमान. आई-वडील आणि लहान मूल घेऊन एका आठवड्यात ते करू नका.

कॅरिबियन बाजूचा कोणी सल्ला दिला (बार्रा देल कोलोरादोचा टार्पन मासा), तर तो या खेपेस सोडा. जागा जबरदस्त, पण रस्ता जात नाही, आणि जानेवारीत तिकडे पाऊस असतो.

बीपीचं डॉक्टरांना विचारा. माझा अनुभव एवढाच की त्रास मासा देत नाही, ऊन देतं. आपण इथे विषुववृत्तापासून नऊ-दहा अंशांवर असतो, जानेवारीत ढग नाहीत, आणि पाण्यावरचं ऊन खालूनही लागतं. सकाळी सहाला निघा, अकराला परत. पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपीला दोरी, आणि पाणी मागितल्याशिवाय प्यायला लावा.

भटकी_मांजर

आम्ही गेल्या वर्षी केपोसलाच होतो, सासू-सासऱ्यांसकट. मासेमारीतलं मला शून्य कळतं, पण बाकीचं सांगते.

शाकाहाराची काळजी करू नका. सकाळी गायो पिंतो, म्हणजे भात आणि काळा राजमा परतून, वर कोथिंबीर. दुपारी 'सोदा' म्हणतात त्या छोट्या खाणावळीत कासादो: भात, राजमा, कोशिंबीर, तळलेलं पिकं केळं. मांस नको सांगितलं की अंडं किंवा चीज देतात. फक्त राजमा डुकराच्या चरबीत परतलाय का ते विचारा, कधी कधी असतो. माझ्या सासूबाईंनी गोडा मसाला नेला होता, तो राजम्यावर भुरभुरून तीन दिवस काढले.

आई आणि बायको बोटीत येणार नसतील तर त्यांना मान्युएल आंतोनियोच्या अभयारण्यात सोडा, केपोसपासून सात किलोमीटर. तिकीट ऑनलाइनच मिळतं, दारावर नाही, आणि मंगळवारी बंद. आत खायचं काही नेऊ देत नाहीत. ते बरंच आहे, कारण तिथली माकडं पर्सची चेन उघडतात. स्लॉथ बघायला दुर्बीणवाला वाटाड्या घ्या, नाहीतर झाडाकडे बघून मान अवघडते आणि दिसत काहीच नाही.

एक कडू अनुभव. बोट हॉटेलच्या काउंटरवरून बुक करू नका. आम्हाला फोटो एका बोटीचा दाखवला आणि सकाळी धक्क्यावर दुसरीच उभी, छत नसलेली, त्यात आणखी तीन अनोळखी माणसं. विचारलं तर काउंटरवाला म्हणे बोटवाल्याला विचारा, बोटवाला म्हणे हॉटेलला विचारा. बोटीचं नाव, छत आहे का, बोट फक्त आपलीच का, परवाना आणि आमिष पैशांत धरलंय का, हे लेखी घ्या.

बोट लागण्यासाठी गोळी आदल्या रात्री एक आणि निघण्याआधी तासभर एक, अशी आमच्या डॉक्टरांनी दिली होती. पोटात गोळा आल्यावर घेऊन उपयोग नाही. आप्पांची बीपीची गोळी चालू आहे तर त्यांच्यासाठी मात्र डॉक्टरांना विचारूनच.

खवचट_खेकडा

सान्होसेकर, माहिती छान, पण मूळ प्रश्न तुम्ही सफाईने चुकवलात. आप्पांनी विचारलंय धरायचा कशाला. जिवाला गळ टोचायचा, अर्धा तास दमवायचा, फोटो काढायचा आणि मग "सोडला बघा" म्हणून पुण्य मिळवायचं. आमचा कोळी निदान खाण्यासाठी मारतो. हा श्रीमंतांचा चाळा आहे, त्याला पर्यावरणाचा रंग लावू नका.

सान्होसेकर

खेकडेराव, चाळा आहे हे कबूल. मलाही सेलफिशच्या मागे लागायला फार आवडत नाही, मी पार्गोवाला माणूस. पण "आमचा कोळी खाण्यासाठी मारतो" हे इथे लावताना थोडी माहिती घ्या.

सेलफिश इथे इतका का दिसतो ते आधी. या समुद्रात वरचं कोमट पाणी हा एक पातळ थर आहे. त्याच्या खाली थंड पाणी, आणि त्यात प्राणवायू फार कमी. सेलफिश, मार्लिन हे सतत पोहणारे मासे, त्यांना प्राणवायू भरपूर लागतो, म्हणून ते खाली फार वेळ टिकत नाहीत. वरच्या थरातच दाटीवाटीने फिरतात. छोटा मासाही तिथेच, खालून वर येणाऱ्या थंड पाण्याच्या खतावर वाढलेला. अटलांटिकमधल्या सेलफिशला लपायला खोली आहे, याला नाही. म्हणजे पाहुण्यांच्या बोटींना तो जितका सहज सापडतो तितकाच जाळ्यांना आणि मैलोन्‌मैल लांब गळांच्या दोरांनाही. त्याला वाचवायचं तर कुणालातरी तो जिवंत असण्यात फायदा दिसला पाहिजे. इथे तो फायदा गावाला दिसतो. केपोस आणि गोल्फितोचे कितीतरी तांडेल आधी जाळीवालेच होते, नाहीतर त्यांचे बाप होते. पाहुणा एका दिवसासाठी जे मोजतो ते त्याच सेलफिशच्या मांसाला बाजारात कधीच मिळणार नाही. ते मांस तसंही कुणी आवडीने खात नाही.

या लोकांनी सरकारकडे रेटा लावला म्हणून काही गोष्टी झाल्या. २०१४ मध्ये टूनाच्या परदेशी पर्स सीन (अख्खा थवा वेढणाऱ्या जाळ्यांच्या) जहाजांना किनाऱ्यापासून ४५ सागरी मैलांबाहेर ढकललं. कोळंबीच्या ट्रॉलचं तर प्रकरण कोर्टात गेलं. २०१३ मध्ये घटनापीठाने नवे परवाने आणि नूतनीकरण रोखलं, २०१९ मध्ये शेवटचे परवाने संपले. २०२० मध्ये संसदेने ट्रॉल पुन्हा आणायचा कायदा केला तर राष्ट्राध्यक्षांनी तो नाकारला. हर्णै-दापोलीकडे पर्ससीन आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून दर हंगामात काय चालतं ते तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे गरवणाऱ्याच्या बाजूने बोलणारा पैसेवाला कोणीच नव्हता. इथे होता, एवढाच फरक.

म्हणून सगळं छान आहे असंही नाही. लांब दोरांच्या बोटींना चुकून अडकलेला सेलफिश देशातल्या बाजारात विकता येतो, आणि ते "चुकून" किती ताणलं जातं यावर इथे कायम भांडण आहे. त्या बोटींवरचे खलाशी पुंतारेनासचे गरीब लोक आहेत, त्यांची बाजू कोणी यूट्यूबवर टाकत नाही.

आणि सोडलेला मासा जगतो का? हे गळावर अवलंबून. नैसर्गिक आमिषाने सेलफिश-मार्लिन धरायचा तर इथे सर्कल हुक सक्तीचा आहे. त्याचं टोक आत वळलेलं असतं, त्यामुळे तो पोटात रुतत नाही. मासा वळला की सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. शेजारच्या ग्वाटेमालात सेलफिशवरच याचा अभ्यास झालाय, साध्या गळापेक्षा रक्तस्राव आणि खोल रुतणं कितीतरी कमी निघालं. फोटोसाठी मासा पाण्याबाहेर उचलायलाही बंदी आहे. बोटीच्या कडेला पाण्यातच धरायचा, तोंड पुढे करून बोट हळू चालवायची म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहतं, आणि त्याने शेपटी मारली की हात काढायचा. तरी काही मरतात. शून्य कोणी म्हणत नाही.

आप्पांच्या प्रश्नाला माझं उत्तर: आप्पा, तुम्ही तो धरूच नका. पार्गो धरा, घरी आणा आणि खा.

तारकर्लीकर

सान्होसेकर, काय लिहिलंय! आप्पांना सगळं वाचून दाखवलं. पांगा पक्का. ते "शेवटचं वाक्य परत वाच" म्हणाले, आणि खेकडेरावांना "माणूस बरो दिसता, पण गरवलेलो नाय कधी" असा निरोप आहे.

राहिलेले प्रश्न. आप्पांना स्वतःची गरी न्यायची आहे, बॅगेत आहेच (होय, मालवणहून डॅलसला गरी आणलीय, कस्टमवाल्याने विचारलं नाही). चालेल का? परवाना वेगळा काढावा लागतो का? धरलेला मासा हॉटेलात शिजवून देतात का, की आईला किचन असलेली खोली घेऊ? आणि व्हिसाचं काय, आई-आप्पांकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा आहे, माझा एच-वनचा (नोकरीच्या व्हिसाचा) शिक्का मागच्या वर्षी संपला, ७९७ (मंजुरीचा कागद) आहे.

सान्होसेकर

शेवटचं पहिल्यांदा, कारण त्यातच घोटाळा आहे. अमेरिकेचा चालू मल्टिपल एंट्री व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना कोस्टा रिकाचा वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे आई-आप्पांचं काम झालं. तुमचं नाही. ७९७ हा व्हिसा नव्हे. तो दाखवून इथे उतरू देणार नाहीत, मुळात विमानातच बसू देणार नाहीत. आणि इथला व्हिसा काढून आलात तरी परतताना अडकाल: शिक्का संपला असताना ७९७ वर परत शिरायची सवलत कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या सहलींना आहे, इकडे नाही. जानेवारीआधी शिक्का मारून घ्या. तिकिटं त्यानंतर. बायकोचा आणि लेकीचा शिक्काही तपासा, लेक अमेरिकेत जन्मली असेल तर तिचा प्रश्न नाही. परतीचं तिकीट विमानतळावर मागतात, छापून ठेवा.

परवाना प्रत्येक गरवणाऱ्याला लागतो, आठवड्याभराचा साधारण १५ डॉलरला. इन्कोपेस्का या सरकारी मत्स्य संस्थेकडून ऑनलाइन निघतो. बहुतेक तांडेल आदल्या दिवशी पासपोर्टचा फोटो मागून काढून देतात. जो "काही लागत नाही, चला" म्हणतो त्याच्या होडीत बसू नका, कारण तपासणीची बोट आली तर दंड होतो आणि तुमचा दिवसही जातो. लेक नुसती बघणार असेल तर तिचा नको.

गरी खुशाल आणा, पण गळ हातातल्या बॅगेत नाही, मोठ्या बॅगेत. दोर बहुधा बारीक पडेल. इथला क्युबेरा पार्गो मोठा झाला की वीस-पंचवीस किलोंचा होतो आणि लागल्या लागल्या खडकात घुसतो. तांडेलाकडचा जाड दोर घ्या आणि आप्पांना हातमोजे घालायला लावा. नको म्हणतील, पण त्या दोराने तळव्याची साल निघते. आणखी एक, होडीवरच्या आमिषाच्या गऱ्यांना सर्कल हुकच असण्याची शक्यता जास्त. आपल्याकडे टोचणी जाणवली की मनगटाने हिसका देतात ना, तो हिसका या गळाला चालत नाही, गळ तोंडातून सुळकन बाहेर येतो. दोर ताठ होऊ द्यायचा, माशाला स्वतःच ओढू द्यायचं, आणि मग नुसतं वजन धरून वर घ्यायचं. साठ वर्षांची सवय आहे, पहिले दोन-तीन सुटणार हे धरून चाला. फारच चिडले तर त्यांच्या स्वतःच्या गळाने तळाचा पार्गो धरू द्या, तिथे मनाई नाही.

भरतीचं बघा. केपोसला उधाणाला पाणी तीन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, मालवणापेक्षा जास्त. आप्पांना तुम्ही समजावायची गरज नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या तारखा काढून कागदावर लिहून द्या आणि दिवस त्यांनाच निवडू द्या. मी तळाला गरवायला भांगेचे (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीचे) दिवस पसंत करतो, ओढ कमी असते आणि शिसं जागेवर राहतं. नदीच्या तोंडाचा रोबालो हवा असेल तर उलट, उधाणाची ओहोटी.

किचनवाली खोली घ्या. धक्क्याजवळची हॉटेलं तुमचा मासा शिजवून देतात, पण लिंबू-लसूण-बटरच्या पलीकडे जात नाहीत, आणि आईंच्या हातचं तिखलं सोडून ते कशाला? नारळ इथे ढीगभर, कोकम आणि तिरफळं मात्र डॅलसहून आणा, आहेत ती. तांडेलाला सांगितलं की तो मासा साफ करून देतो, फक्त डोकं टाकू नको हे आधीच सांगा, नाहीतर पेलिकनना भिरकावून मोकळा होईल. एक छोटा तुकडा त्याच्यासाठीही कापून ठेवा. टिप १५ ते २० टक्के, रोख.

माझ्या ओळखीच्या तांडेलाचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवतो. पन्नाशीचा माणूस, इंग्रजी कामापुरतं. शिक्क्याची तारीख मिळाली की कळवा, त्याचे जानेवारीचे दिवस नाताळाच्या आधी भरतात.